सनरूफ काढून कार्बन फायबर? आधी पाण्याचा हिशेब करा

पंधरा वर्षांपूर्वी सनरूफ ही महागड्या गाड्यांची मिरवायची गोष्ट होती. पुढे क्रेटा, व्हेन्यू, नेक्सॉन या गाड्यांनी ती मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आणली. २०२२ मध्ये नव्या ब्रेझाला सनरूफ मिळालं आणि २०२३ मध्ये एक्स्टरसारख्या छोट्या गाडीलाही. यातल्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या जुन्या ऑक्टाव्हिया, अ‍ॅकॉर्ड किंवा बीएमडब्ल्यू तर त्याहून वयस्कर. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत जून उजाडला की या गाड्यांचे मालक एकच तक्रार घेऊन गॅरेजमध्ये उभे राहतात: छतातून पाणी येतं. मग कुणीतरी सुचवतं की काच काढून टाका आणि कार्बन फायबरचा पॅनल बसवा. गाडी हलकी होईल, गळती कायमची बंद होईल आणि दिसायलाही स्पोर्टी. सल्ल्यातली तीन आश्वासनं एकेक करून तपासली, तर पहिलं जेमतेम खरं ठरतं, दुसरं बहुतेक वेळा खोटं आणि तिसरं ज्याच्या त्याच्या आवडीचं. म्हणून माझा सल्ला सुरुवातीलाच सांगतो. रोज वापरायच्या गाडीला हा बदल करू नका. काही थोड्या गाड्यांसाठी तो योग्य ठरू शकतो, पण तिथेही पॅनल हा कामाचा सगळ्यात सोपा भाग असतो. खरं काम भोकाचं, पाण्याचं आणि कागदपत्रांचं असतं.

आधी वजन बघू, कारण ‘हलका’ हा शब्द ऐकून पुष्कळ लोक भुलतात. नेहमीच्या सनरूफची काच साधारण ८० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद धरा, म्हणजे क्षेत्रफळ झालं ०.३६ चौरस मीटर. काचेची घनता दर घनमीटरला सुमारे २,५०० किलो. जाडी ४ ते ५ मिमी धरली, तर नुसत्या काचेचं वजन साडेतीन ते साडेचार किलो भरतं. कार्बन फायबर आणि रेझिन यांच्या पक्क्या थराची घनता १,६०० किलोच्या आसपास असते. २ मिमी जाडीचा तेवढाच पॅनल सव्वा किलोच्या आत बसतो. म्हणजे बचत झाली अडीच-तीन किलो. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या जवळपास असतं, तेव्हा टाकीत चार लिटर पेट्रोल कमी भरलं की तेवढीच बचत फुकटात होते. सनरूफचं खरं वजन काचेत नसतंच. ते रूळ, मोटर, केबल, खालची लोखंडी चौकट, पाण्याचा ट्रे आणि सरकता पडदा यांत असतं. साध्या सनरूफमध्ये हा सगळा पसारा पंधरा-वीस किलोंच्या घरात जातो आणि पॅनोरॅमिक असेल तर त्याहून बराच जास्त. हा पसारा जागेवर ठेवून फक्त काच बदलणाऱ्याच्या हाती वजनाच्या बाबतीत जवळजवळ काहीच लागत नाही.

तीन किलोंचा मायलेजवर काय परिणाम होतो, तेही मोजता येतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा नेहमी दिला जाणारा अंदाज असा की गाडीचं वजन १० टक्क्यांनी घटलं, तर इंधनाची कार्यक्षमता ६ ते ८ टक्क्यांनी सुधारते. १,२०० किलोच्या गाडीत ३ किलो म्हणजे पाव टक्का. त्यातून मिळणारी सुधारणा फार तर ०.२ टक्के. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि लिटरला १२ किलोमीटर धरले, तर ८३३ लिटरमधले दीड लिटरच्या आसपास वाचतात. सगळी यंत्रणा काढून २० किलो कमी केले तरी हा आकडा दहा-अकरा लिटरच्या पुढे जात नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावर सकाळी नऊ वाजता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला एवढी बचत जाणवणारही नाही. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासणं याहून स्वस्त आणि याहून फायद्याचं.

यावर जाणकार लगेच हरकत घेतील की छतावरचं वजन डिकीतल्या वजनासारखं नसतं. ते उंचावर असतं, म्हणून गुरुत्वमध्य खाली आणायला त्याचा उपयोग जास्त. हरकत बरोबर आहे आणि बीएमडब्ल्यूने नेमका हाच विचार केला होता. २००३ च्या एम३ सीएसएलला कंपनीने कार्बन फायबरचं छत दिलं आणि पुढे एम६ आणि एम३ कूपेलाही. पण आकडे इथेही मांडावे लागतात. दीड मीटर उंचीवरचे ३ किलो काढले आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमीवर धरला, तर तो खाली येतो फक्त २.४ मिमी. २० किलो काढले तर सुमारे १६ मिमी, आणि वळणावर हे हाताला थोडं कळू शकेल. शिवाय बीएमडब्ल्यूचं ते छत म्हणजे सनरूफच्या भोकावर मारलेलं ठिगळ नव्हतं. त्या गाडीला मुळात सनरूफ नव्हतं. कारखान्यातच अख्खं छत साच्यात घडवून त्यासाठीच आखलेल्या सांगाड्यावर चिकटवलेलं होतं. पुढच्या एम३ कूपेत ज्यांना सनरूफ हवं होतं, त्यांना पोलादी छत घ्यावं लागे. कंपनीने केलं ते आपणही करू, असं म्हणताना कंपनीने नेमकं काय केलं हे आधी पाहायला हवं.

आता गळती. बहुतेक लोकांची खरी अडचण हीच असते आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त. सनरूफची रबरी बीडिंग पाणी पूर्ण अडवते असा सर्वसाधारण समज आहे. तसं ती करत नाही, आणि तिच्याकडून कंपनीचीही तशी अपेक्षा नसते. थोडं पाणी बीडिंगच्या आत येणार हे गृहीत धरूनच काचेच्या भोवती पन्हळ दिलेली असते. पन्हळीच्या कोपऱ्यांत पेन्सिलीएवढी भोकं असतात. तिथून निघालेल्या बारीक नळ्या पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून आणि मागच्या खांबांतून खाली उतरतात आणि पाणी गाडीखाली सोडतात. नळी तुंबली की पन्हळ भरते, ओसंडते आणि पाणी छताच्या अस्तरातून किंवा खांबाच्या आतून पायाखालच्या कार्पेटपर्यंत पोचतं. उपनगरांतल्या रस्त्यांवर पार्किंगला सावली देणारी झाडं कोणती, ते आठवून पाहा. सोनमोहराच्या बारीक पिवळ्या पाकळ्या मार्च ते मे या काळात गाड्यांवर नुसता सडा घालतात, रेन ट्रीची बारीक पानं त्याच सुमारास गळतात, आणि बाकीची भर बांधकामांची धूळ घालते. उन्हाळाभर या सगळ्याचा लगदा पन्हळीत साचतो आणि पहिल्या जोरदार सरीत तो नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी याच वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिमी नोंदवले होते. असल्या पावसात अर्धवट तुंबलेली नळीही पुरेशी ठरते.

म्हणून पॅनलचा विचार करण्याआधी अर्ध्या तासाची एक तपासणी घरीच करा. गाडी सपाट जागी उभी करा, सनरूफ पूर्ण उघडा आणि पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यांतला कचरा ओल्या फडक्याने टिपून घ्या. मग एका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते काही सेकंदांत ओसरलं पाहिजे आणि पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीजवळ ठिबकताना दिसलं पाहिजे. चारही कोपऱ्यांना हेच करा. पाणी तुंबून राहिलं, तर मासेमारीचा जाड तंगूस घ्या, त्याचं टोक पेटत्या काडीने वितळवून गोल करा आणि नळीत सावकाश सरकवा. टोक गोल करायचं ते नळी आतून फाटू नये म्हणून. गॅरेजमध्ये यासाठी कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय असते, ती मारू देऊ नका. हवेच्या दाबाने नळी खांबाच्या आतल्या सांध्यातून निसटली, तर वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि पाणी मात्र थेट कार्पेटखालच्या वायरिंगवर पडत राहतं. गाडीत कुबट वास येत असेल किंवा पुढच्या सीटपुढची चटई उचलल्यावर खालचा फोम ओला लागत असेल, तर शंका आधी या सांध्याचीच घ्या. माझ्या समजुतीप्रमाणे सनरूफच्या तक्रारींतला मोठा वाटा इथेच मिटतो आणि खर्च होतो तो तंगुसाचा.

कार्बन पॅनल बसवला तर पाण्याचं काय होतं? दोन शक्यता आहेत. जुनी यंत्रणा तशीच ठेवून काचेच्या जागी पॅनल लावला, तर बीडिंग, पन्हळ, नळ्या सगळं तेच राहतं. तुंबायचं ते तुंबतंच. किंबहुना गळती वाढण्याची भीती जास्त, कारण मूळ काचेभोवतीची बीडिंग कारखान्यात साच्यात ओतून काचेशी एकजीव केलेली असते आणि काचेचा बाक त्या मॉडेलच्या छताशी अगदी तंतोतंत जुळवलेला असतो. हाताने घडवलेल्या पॅनलची कड एखाद्या मिलिमीटरने उठली तरी तिथून वाराही शिट्टी घालतो आणि पाणीही आत येतं. दुसरी शक्यता म्हणजे यंत्रणा काढून, नळ्या बंद करून पॅनल छताच्या पत्र्याला कायमचा चिकटवणं. हे नीट झालं तर गळती खरोखरच थांबते. पण ‘नीट’ म्हणजे नेमकं काय, ते समजून घेतल्याशिवाय गाडी कुणाच्या हवाली करू नका.

पहिला मुद्दा खाऱ्या हवेचा. कार्बन वीजवाहक आहे, आणि पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमला तो टेकला आणि मध्ये खारट ओल आली, की छोटी बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत झिजतो तो धातू. कार्बनला काही होत नाही. विमान बनवणारे या गोष्टीला इतके जपतात की कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये काचतंतूचा थर घालतात. वर्सोवा असो, गोराईची खाडी असो की मुलुंडच्या पूर्वेची ठाणे खाडी, उपनगरांतली गाडी वर्षाचे बाराही महिने खारट दमट हवेत उभी असते. सनरूफ काढताना पत्र्याची कड घासली गेली, तिच्यावरचा रंग उडाला आणि त्यावर थेट कार्बन दाबला, तर दोन-तीन पावसाळ्यांत कडेखालून गंज फुगायला लागतो. तो वरून दिसत नाही. दिसतो तेव्हा छताचा पत्रा कापावा लागतो. म्हणून पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, पॅनलच्या खालच्या बाजूला काचतंतूचा एक थर आणि दोन्हींमध्ये गोंदाची पुरेशी जाडी, या तीन गोष्टी बोलणीच्या वेळीच कागदावर घ्या. पॅनल स्क्रूने बसवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला नवी वाट आणि गंजाला नवी जागा.

दुसरा मुद्दा उन्हाचा. कार्बनच्या कापडाला उष्णतेने काही होत नाही, होतं ते रेझिनला. साध्या तापमानावर वाळवलेली बरीच इपॉक्सी रेझिन ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडायला लागतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा काळा पृष्ठभाग ६५-७० अंशांना सहज पोचतो. म्हणजे हाताने ब्रश फिरवून, रात्रभर वाळवून दिलेला चकचकीत पॅनल पहिल्याच उन्हाळ्यात लाटेसारखा उमटू शकतो आणि कापडाची वीण रंगातून वर दिसायला लागते. हे टाळायचं तर पॅनल निर्वात पद्धतीने घडवलेला हवा आणि नंतर भट्टीत ८० अंशांच्या वर कित्येक तास भाजलेला हवा. वरून अतिनील किरणं रोखणारा क्लिअर कोट हवा, नाहीतर इपॉक्सी पिवळी पडते आणि मग तिची पूड निघते. शिवाय पोलाद आणि कार्बन उन्हात सारखे फुगत नाहीत. ८० सेंमी लांबीचं पोलाद ४० अंशांनी तापलं की साधारण ०.४ मिमी वाढतं. कार्बनचा पॅनल त्याच्या पाव हिस्साही वाढत नाही. हा फरक रोज दुपारी ताणला जातो आणि रोज रात्री सैलावतो. अराल्डाइटसारखा कडक गोंद त्यात तडकतो. पुढची काच बसवायला वापरतात तो पॉलियुरेथेनचा लवचिक गोंद, चार-पाच मिमी जाडीने भरला, तर तो हा ताण झेलतो. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन या कामाचं नव्हे, मात्र घाईच्या कामात सर्रास तेच वापरलं जातं.

तिसरा मुद्दा वाऱ्याचा, आणि हा कुणाच्या डोक्यातच येत नाही. गाडी धावते तेव्हा छतावरची हवा वेगाने सरकते आणि पॅनलला वर ओढते. ताशी १०० किलोमीटरला, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेगमर्यादेला, मघाच्या मापाच्या पॅनलवर ही ओढ दहा किलोंच्या आसपास जाते. समृद्धी महामार्गावर १२० ला ती जवळजवळ दीडपट होते, कारण ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सव्वा किलोचा पॅनल दहा-पंधरा किलोंच्या ओढीला स्वतःच्या वजनाने दाबून राहणार नाही. त्याला धरून ठेवतो तो फक्त गोंद. मूळ काचही केवळ वजनाने टिकत नाही म्हणा, तिला रुळांतले लोखंडी ब्रॅकेट धरून असतात. ते ब्रॅकेट काढून टाकल्यावर सगळी भिस्त गोंदाच्या एका पट्टीवर येते. ती पट्टी तेलकट पत्र्यावर किंवा ओलाव्यावर भरलेली असेल, तर पॅनल उडून मागच्या दुचाकीस्वाराच्या छातीवर जाऊ शकतो. हे काम पावसाळ्यात उघड्या गॅरेजमध्ये करून घेऊ नये, त्याचं मुख्य कारण हे.

यंत्रणा काढून पॅनल बसवायचा तर छताचं अस्तर खाली उतरवावं लागतं. सहा एअरबॅगच्या गाड्यांमध्ये पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग याच अस्तराच्या कडेला, दारांच्या वर घडी करून बसवलेल्या असतात आणि पाण्याच्या नळ्याही त्यांच्या जवळूनच जातात. बॅटरीची तार न काढता तिथे हात घालणं धोक्याचं. काम झाल्यावर अस्तर जादा गोंदाने किंवा क्लिपने पक्कं केलं, तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग अडकू शकते. सनरूफच्या भोकाभोवती छताला जोडलेली लोखंडी चौकट काढायला गेलात, तर छताची ताकदही कमी होते. कारखान्याने भोक पाडल्यामुळे गेलेली मजबुती याच चौकटीने भरून काढलेली असते. गाड्यांच्या सुरक्षेची भारत एनकॅप चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण तिच्यात गाडी उलटण्याची चाचणी होत नाही. तेव्हा तिच्यातल्या पाच ताऱ्यांच्या भरवशावर छत कापायला निघू नका. वजन कमी करण्यासाठी मोटर, रूळ आणि काच काढता येतात. छताला वेल्ड केलेला किंवा चिकटवलेला मजबुतीचा भाग काढायचा नाही, ही सीमा कारागिराला स्पष्ट सांगा.

कायद्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातली माहिती आणि कंपनीने ठरवून दिलेली मूळ वैशिष्ट्यं यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यावर गॅरेजवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो की कलमात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल. काचेच्या जागी पॅनल आला म्हणून गाडीची रचना कुठे बदलते? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. त्याच जागी, त्याच ब्रॅकेटवर, यंत्रणा न काढता बसवलेल्या पॅनलबद्दल तो करता येईल. पण चौकट कापली, छत कायमचं बंद केलं, तर तो टिकवणं अवघड. आणि वाद घालायची वेळ येते ती आपल्या सोयीच्या जागी नव्हे, नाक्यावरच्या तपासणीत किंवा अपघातानंतर. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओला लेखी विचारा. अंधेरीकरांनी एमएच-०२ च्या अंधेरी कार्यालयात, बोरिवलीकरांनी एमएच-४७ मध्ये, मुलुंड-घाटकोपरकरांनी एमएच-०३ च्या वडाळा कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. ‘साहेब ओळखीचे आहेत’ हे उत्तर लेखी उत्तराच्या जागी चालत नाही.

विम्याचं गणित याहून सरळ आहे आणि ते काचेच्या बाजूने झुकतं. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार अपघातात सुटे भाग बदलताना रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर मात्र काहीच नाही. म्हणजे कंपनीची सनरूफ काच फुटली तर, पॉलिसीच्या बाकी अटी धरून, काचेची जवळजवळ पूर्ण किंमत मिळू शकते. बाहेरून बनवून घेतलेला कार्बन पॅनल मूळ गाडीचा भागच नाही. तो आधी कळवून पॉलिसीत नोंदवला नसेल, तर सर्व्हेअर त्याचा एक पैसाही धरणार नाही आणि छतातून पाणी शिरून झालेल्या नुकसानीचं खापरही त्याच बदलावर फोडेल. कळवण्याची सोय ई-मेलने होते, फुकट होते. ती न करण्याचं एकमेव कारण नकाराची भीती हे असतं, आणि नकार येणार असेल तर तो आधी आलेला बरा.

कार्बन पॅनलच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे, तो उष्णतेचा. उभ्या उन्हात काचेतून येणारी उष्णता अपारदर्शक पॅनल अडवतो आणि एसीवरचा भार थोडा हलका होतो. पण सरकता पडदा ओढला की यातला बराच फायदा तसाच मिळतो. उलट पातळ पॅनलवर जुलैचा पाऊस ढोलासारखा वाजतो. तो आवाज कमी करायला खालून डांबरी पत्रे चिकटवले की वाचवलेल्या तीन किलोंमधला एखादा किलो परत वर चढतो.

मग हा बदल करावा कुणी? माझ्या मते फक्त दोघांनी. एक, ज्यांची गाडी मुख्यतः स्पर्धेसाठी आहे, म्हणजे ट्रॅकवर किंवा अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या शर्यतींसारख्या बंदिस्त जागी पळते. तिथे यंत्रणेसकट वीस किलो छतावरून उतरवणं सार्थकी लागतं आणि तांत्रिक तपासणीही स्पर्धेच्या नियमांनुसार होते. दोन, ज्यांच्या जुन्या आयात गाडीची सनरूफ यंत्रणा मोडली आहे आणि तिचे भाग कुठेच मिळत नाहीत. दुसऱ्या गटाला मात्र एक पायरी आधी सुचवतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे त्याच मॉडेलची काच किंवा अख्खी कॅसेट, म्हणजे चौकटीसकट सगळी यंत्रणा, मिळते का, ते आधी पाहा. काच निवडताना तिच्या कोपऱ्यातला आयएस २५५३ किंवा ‘ई’चा शिक्का वाचा, तो नसेल तर ती काच घेऊ नका.

पॅनल बनवायचंच ठरलं, तर ‘कार्बन’ या नावाखाली काय मिळतंय ते तपासायला शिका. बाजारात तीन प्रकार एकाच नावाने विकले जातात: काळ्या विणीचा नुसता विनाइल रॅप, काचतंतूच्या पॅनलवर शोभेसाठी कार्बनचा एकच थर, आणि पूर्ण कार्बन. रॅप नखाने ओळखू येतो, कडेला सुटतो. दुसरा प्रकार फसवतो, कारण वरून तो हुबेहूब दिसतो. पॅनल उलटा करा. खालची बाजू पांढरट-हिरवट दिसली, तर आत काचतंतू आहे. गंज रोखण्यासाठी मुद्दाम घातलेला एक पातळ काचथर ठीक आहे, पण मग कापलेल्या कडेला बाकीची सगळी जाडी काळी दिसली पाहिजे. शेवटी वजनकाटा घ्या. वर दिलेल्या मापाचा २ मिमी पॅनल सव्वा किलोच्या आसपास भरतो. दोन किलो भरला तर पॅनल जाड झाला आहे: आत एकतर काचतंतूचे जादा थर आहेत किंवा रेझिन अति झालं आहे. दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा एक थर पाव मिलिमीटरच्या आत बसतो, म्हणजे २ मिमीसाठी आठ-नऊ थर लागतात. ‘तीन थर पुरतात’ असं सांगणाऱ्याने जाडी कुठून आणली, ते त्याला जरूर विचारा.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे ज्यांची गाडी रोज ऑफिसला जाते आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याला, त्यांच्यासाठी माझा निर्णय साधा आहे. नळ्या साफ करा, बीडिंग चिरली असेल तर मूळ कंपनीची घ्या, काच फुटली असेल तर विम्यातून काचच बसवा. मोटर बिघडली असेल आणि खर्च झेपत नसेल, तर काच बंद स्थितीत नेऊन मोटरचं कनेक्शन काढून ठेवा; पण पन्हळ आणि नळ्या बुजवू नका, त्यांचं काम सनरूफ बंद असतानाही चालूच असतं. सीलंट फासून सनरूफ चिकटवून टाकण्याचा स्वस्त उपाय अजिबात करू नका, कारण पुढे काच काढायची वेळ आली तर छताचा रंगही तिच्याबरोबर निघतो. पेलाभर पाण्याची चाचणी मेच्या शेवटच्या आठवड्याआधी उरका. जूनच्या पहिल्या पावसानंतर गॅरेजमध्ये लवकर नंबर लागत नाही.